म्हशीने न खाल्लेलं गवत

वनखात्याची दोन माणसं चौकशीला आली, त्या सकाळी त्यांच्यासाठी चहा मीच केला. आलं ठेचून घातलं, साखर हात सैल सोडून टाकली. आमच्या मागच्या गायरानात दोन मोठी पाखरं आणि एक कोल्हा मरून पडला होता, आणि ते कशाने मेले यावर ओट्यावर मोठी चर्चा चालली होती. तिथे बसलेल्या कुणालाच खरं कारण माहीत नव्हतं. मला माहीत होतं, आणि मी आत उभी राहून चहा उतू जाऊ नये म्हणून पातेल्याकडे बघत होते.

हे लिहायला मला दोन वर्षं लागली. या दोन वर्षांत मी मनातल्या मनात स्वतःची बाजू इतक्या वेळा मांडली आहे की आता ती माझी मलाच ऐकवत नाही. म्हणून बाजूबिजू राहू दे, जे झालं ते सांगते.

आमचं घर गावाच्या अगदी शेवटाला. पुढून तलवाड्याच्या बाजाराला जाणारा रस्ता, मागे तुरीची दोन-तीन शेतं आणि त्यांच्या पलीकडे गायरान, थेट टेकडीपर्यंत. जनावरांना लस टोचणारे, मोजणी करणारे, मतं मागणारे, सगळे आमच्याच ओट्यावर टेकतात, कारण त्यापुढे टेकायला घरच नाही. गायरानात पावसाळ्यानंतर कुसळी आणि पवन्याचं गवत कमरेएवढं वाढतं, दिवाळीनंतर पिवळं पडतं. ते सगळ्या गावाचं, म्हणून मेलेलं कुत्रं टाकायचं तर गायरानात, फुटकी बादली टाकायची तर गायरानात, फवारणीच्या रिकाम्या बाटल्याही तिथेच. स्वतःच्या बांधावर दुसऱ्याने काडी टाकली तर भांडायला उठणारी आम्ही माणसं, पण गायरानाबद्दल कुणी कधी तोंड उघडलेलं मला आठवत नाही. मीही नाही.

मी फवारणीचा ड्रोन चालवते. बचत गटातून प्रशिक्षणाला पाठवायला बारावी झालेली बाई हवी होती आणि तशी मी एकटीच निघाले. त्याआधी आम्ही नवराबायको दर साली ऊसतोडीला जायचो. दसरा झाला की ट्रॅक्टर यायचा, भांडीकुंडी आणि लेकरं त्यात घालायची आणि पुढचे पाच-सहा महिने दुसऱ्याच्या रानात उसाच्या पाचटाच्या झोपडीत, कोपीत, काढायचे. पहाटेच्या थंडीत ओल्या उसाला हात घालताना बोटं फुटायची. ड्रोन आला आणि ते सुटलं. पहिल्या दिवशी अख्खं गाव हसायला जमलं होतं. एक म्हातारा म्हणाला, "बाई आता इमान उडवनार, बगा रं!" मी उडवलं. महिन्याभरात तोच म्हातारा माझ्या मागे लागला, "ड्रोनवाल्या बाई, उद्या आमच्याकडं या." मला ते आवडायचं. खोटं कशाला सांगू, मान जरा जास्तच ताठ झाली होती.

प्रशिक्षणात एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली होती. ड्रोनच्या टाकीतलं औषध पाठीवरच्या पंपापेक्षा कितीतरी दाट असतं, कारण त्यात पाणी कमी घालतात. म्हणून उरलेलं कुठेही ओतायचं नाही, टाकी तीनदा विसळायची आणि ते पाणी त्याच शेतात विरळ करून फवारायचं. ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात शेतमालक बांधावर उभा राहून ओरडतो, "दुसऱ्यांदा मारू नका, पीक करपंल!" घरी न्यावं तर दारात कोंबड्या, लेकरं, म्हैस. मग पहिल्याच हंगामात मला सोपी वाट सापडली. शेवटची फेरी झाली की ड्रोन तसाच पुढे न्यायचा आणि उरलंसुरलं गायरानावर सोडून द्यायचं. वरून बघताना ते धुक्यासारखं गवतावर उतरायचं आणि काही दिसायचं नाही. टाकी हलकी, मी मोकळी. कुणी विचारलं नाही आणि मी कुणाला सांगितलं नाही.

दिवाळीनंतर पाटोद्याकडचे एक मेंढपाळ दर वर्षी आमच्या गायरानात यायचे. साठीच्या पुढचे, उंच, बोलणं कमी. मी त्यांना मामा म्हणायची, ते मला पोरी म्हणायचे. त्यांच्या मेंढ्या शेतात बसवायला गावात चढाओढ असायची, कारण एक रात्र मेंढ्या बसल्या की रानाला खत होतं. रोज सकाळी ते आमच्या हौदावर कॅन भरायला यायचे आणि माझ्या हातचा चहा घ्यायचे.

गायरानातल्या पाखरांची ओळख मला त्यांनी करून दिली. ती पाखरंही दिवाळीनंतरच यायची. लांब पंखांची, सडपातळ, घारीसारखी, पण घारीसारखी उंच न जाता गवताच्या शेंड्यांवरून सावकाश तरंगणारी. नाकतोडे टिपत फिरायची आणि दिवस मावळताना झाडावर न जाता गवतातच उतरून बसायची. पुस्तकात त्यांना भोवत्या म्हणतात हे मला नंतर कळलं. मामा त्यांना पाव्हणी म्हणायचे. जिथे ती उतरतात त्या बाजूला मामा मेंढ्या नेत नसत. मी एकदा हसून म्हटलं, "मामा, पाखरांची एवढी बडदास्त?" ते म्हणाले, "लई लांबून येत्यात पोरी. बसंना का दोन म्हैने. आपलं काय जातंय?"

त्या वर्षी तुरीवर अळी फार होती. आमच्या मागच्या शेताच्या मालकाने औषध स्वतःच कालवलं. प्रमाण विचारलं तर म्हणाला, "असू द्या जास्तीचं, अळी लई हाय." मी नको म्हणायला हवं होतं, म्हटलं नाही. निम्मं शेत झालं आणि वारा सुटला. वाऱ्यात फवारायचं नाही, हा एक नियम मात्र मी पाळला. टाकीत निम्म्याहून जास्त उरलं होतं. मालक म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, न्या घरी न्हाईतर फेका." आणि तो निघून गेला. मी ड्रोन गायरानावर नेला, टेकडीच्या अलीकडच्या उंच गवताच्या पट्ट्यावर, आणि सगळी टाकी तिथे रिकामी केली. पाव्हणी तिथेच उतरतात हे मला माहीत होतं. त्या क्षणी ते आठवलं नाही, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होते. आठवलं होतं. पण दिवस होता, पाखरं नव्हती, वाटलं वाळून जाईल.

वाळून गेलं, पण संपलं नाही. तिसऱ्या दिवशी मी शेळी शोधायला तिकडे गेले तर पायाखाली नाकतोडे. उडत नव्हते, एका अंगावर पडून पाय झाडत होते. गवताच्या पात्यांवर पांढरट ठिपके सुकले होते आणि वास अजून येत होता. दोन चंडोळ मरून पडले होते. मी एकाला उचललं, मुठीत मावेल एवढं पाखरू, चोच उघडी. कुणी बघतंय का म्हणून मी आधी चहूकडे पाहिलं. पाखराबद्दल वाईट वाटणं त्यानंतर आलं, आणि हा क्रम मला अजून टोचतो.

घरी येऊन मी विळा घेतला. सलग दोन सकाळी मी तो पट्टा कापला. कुठून कुठपर्यंत कापायचा हे मला नेमकं माहीत होतं, ड्रोन मीच फिरवला होता. तोंडाला फडकं बांधलं, हातात जुने मोजे घातले. आमच्या मालकांनी, म्हणजे नवऱ्याने, विचारलं, "एवढं गवत कशाला गं?" मी म्हणाले, "म्हशीला." ते खूश झाले, बायको कामाची निघाली म्हणून. मी भारे आमच्या रानाच्या कोपऱ्यात नेले, जुन्या खड्ड्यात टाकले आणि वर माती लोटली. मातीत पुरलं म्हणजे विष नाहीसं झालं असं नाही, एवढं मला कळत होतं. पण निदान आता पाखरं तिथले किडे खाणार नाहीत, असं मी मनाशी म्हणत होते. ते खरंही होतं. पण आता कुणाला काही दिसणारही नाही, हेही मनात होतं, आणि दोन्हीपैकी कशासाठी मी विळा उचलला हे मला आजही छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही.

तरीही उशीरच झाला होता. दुसऱ्या सकाळी मी शेवटचा भारा टाकून आले तर मामा ओट्यासमोर उभे. हातात एक पाव्हणी. पंख खाली लोंबत होते, रंग राखी, डोळे पिवळे आणि उघडेच. "आजून एक हाय तिकडं," ते म्हणाले, "अन् कोल्हं बी मेलंय. तोंडाला फेस हाय." मी पाखराकडे पाहिलं आणि म्हणाले, "अरे बापरे, कशानं?" हे शब्द माझ्या तोंडातून किती सहज आले! मामांनीच कुणाला तरी सांगून वनखात्याला फोन लावायला लावला. गुन्हेगार स्वतः होऊन फोन करतो का, एवढा साधा विचार नंतर कुणाच्या डोक्यात आला नाही.

कारण आदल्या आठवड्यात लांडग्याने मामांचं एक कोकरू नेलं होतं आणि चहाच्या टपरीवर ते संतापून बोलले होते, "घावला तर सोडनार न्हाई." गावाला तेवढं पुरलं. मेलेल्या मेंढीत विष घालून लांडग्यासाठी ठेवलं असणार, ते कोल्ह्याने खाल्लं, पाखरांनी खाल्लं. झालं, खटला निकालात! ओट्यावर चहा पिता पिता माणसं हेच सांगत होती. वनखात्याचा मोठा साहेब शांत माणूस होता. त्याने मामांना विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?"

मामा म्हणाले, "साहेब, गवतावर औषध हाय. टेकडीच्या अलीकडं. मला वास आला म्हून मी तिकडं चाललेली मेंढरं माघारी वळवली. चला, दावतो."

सगळे गेले. मी कपबशा गोळा करून मागोमाग गेले. न जाता राहवलं नाही. मामा पुढे चालत होते, आणि मग थांबले. पट्टा साफ होता. खुंट तेवढे राहिले होते. मामा खाली बसले, मूठभर माती उचलून हुंगली, पुन्हा हुंगली. लोक हसले.

साहेबाने विचारलं, "इथलं गवत कुणी कापलं?"

"आमीच," आमचे मालक म्हणाले. त्यांच्या आवाजात कुठे काही लपवाछपवी नव्हती, त्यांना जे माहीत होतं तेच ते सांगत होते. "हिनं कापलं. म्हशीला."

"म्हशीला घातलं? काही झालं का तिला?"

"काय व्हनार साहेब? ठणठणीत हाय म्हस. सकाळीच दूध काढलं. त्याच दुधाचा चहा पिलात की तुमी."

पुन्हा हशा पिकला. साहेबही हसला. त्याने माझ्याकडे पाहिलं, माझी नुसती मान हलली तरी त्याला पुरणार होतं. म्हशीने ते गवत खाल्लेलं नाही, एवढं एकच वाक्य मला बोलायचं होतं. बोलले असते तर पुढचं सगळं बाहेर आलं असतं, ड्रोन परत गेला असता आणि दसऱ्याला ट्रॅक्टर दारात उभा राहिला असता. मला त्या कोप्या दिसल्या, फुटलेली बोटं दिसली. मी मान हलवली. होकाराची.

साहेबाने मेलेली पाखरं तपासणीला नेली. त्याचा काय निकाल आला ते गावात कधी कळलं नाही, आणि कुणी विचारायला गेलंही नाही. मामांवर काही गुन्हाबिन्हा झाला नाही. पण ज्यांनी मेंढ्या बसवायला सांगितल्या होत्या त्यांनी एकेकाने नको म्हटलं. विष घालणाऱ्याचा मेंढवाडा आपल्या रानात कशाला, असं बायकाही हौदावर बोलू लागल्या. चौथ्या दिवशी चार माणसं जाऊन त्यांना सांगून आली की आता गायरान सोडा.

जायच्या सकाळी ते कॅन भरायला आले. मी चहा ठेवते म्हटलं तर नको म्हणाले. कॅन भरेपर्यंत हौदाच्या कडेला टेकले आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "पोरी, म्हशीनं खाल्लं व्हतं खरंच?"

घरात कुणी नव्हतं. रस्त्यावर कुणी नव्हतं. साहेब नव्हता, गाव नव्हता, पुढच्या दसऱ्याचीही तेव्हा काही भीती नव्हती, कारण हा माणूस निघालाच होता. तरी मी म्हणाले, "हो मामा. खाल्लं."

ते उठले, कॅन उचलला. "बरं झालं," म्हणाले, "म्हस वाचली." आणि गेले.

त्यानंतर मी गायरानावर थेंब टाकला नाही. टाकी विसळायला बांधालगत खड्डा केला, प्रमाण मोडणाऱ्याचं काम घ्यायचं बंद केलं, नव्या शिकणाऱ्या बायकांना डोळे वटारून नियम सांगते. त्यांना वाटतं बाई फार कडक आहे. पुढच्या हिवाळ्यात रोज दिवस मावळताना मी मागे जाऊन उभी राहायची. पाव्हणी आली, पण थोडी, आणि त्या पट्ट्यावर एकही उतरलं नाही. माझ्यामुळे की आणखी कशामुळे, हे मला कोण सांगणार? मामा तर आलेच नाहीत. माणसं म्हणाली, "बगा, चोराच्या मनात चांदणं."

यंदा मी त्यांना शोधायला गेले. तीन बस बदलून, विचारत विचारत. पाटोद्याच्या पुढे डांबरी रस्त्याच्या कडेला ते मेंढ्या चारताना सापडले. रस्ता आणि पाण्याची चारी यांच्या मधला तो चिंचोळा पट्टा, गवत धुळीने माखलेलं, बाजूने ट्रक धडधडत जात होते. आमच्यासारखं तिकडच्याही एका गावाने त्यांना नको म्हटलं होतं, बातमी त्यांच्या पुढे चालत गेली होती. कळप निम्माच दिसला. काही विकल्या, काही गाडीखाली गेल्या, असं मी विचारल्यावर त्यांनी सांगितलं.

मी बसमध्ये पाठ केलेलं सगळं विसरले. नुसतं म्हणाले, "मामा, म्हशीनं खाल्लं नव्हतं. औषध मीच टाकलं होतं. गवत पुरून टाकलं."

त्यांनी एका मेंढीला काठीने आत वळवलं. "ठावं हाय," म्हणाले.

"मग तुम्ही तेव्हा बोलला का नाहीत?"

"बोललो की! साह्यबासंग बोललो, गावासंग बोललो. माझं कोन ऐकतंय? तुमचं ऐकलं असतं."

ते मला पोरी म्हणाले नाहीत, तू म्हणाले नाहीत. मी रडायला लागले तर त्यांनी मला थांबवलंही नाही आणि समजावलंही नाही. एवढंच म्हणाले, "बाई, हितवर कशाला आलात? मला ठावंच व्हतं. ज्यांला ठावं न्हाई त्यांला सांगा जाऊन."

परतीच्या बसमध्ये मी ठरवलं की उतरल्या उतरल्या सांगायचं. उतरले तेव्हा पारावर सात-आठ माणसं होती, त्यात मामांना गायरान सोडा म्हणून सांगायला गेलेले दोघे होते. एकाने हटकलं, "ड्रोनवाल्या बाई, कुठं गेलतात?" मी म्हणाले, "नातेवाइकाकडं." आणि पुढे चालू लागले.

म्हणून मग हे लिहायला बसले. तोंडाने होत नाही तर निदान कागदावर तरी. लिहून झाल्यावर सगळं पहिल्यापासून वाचून काढलं. त्यात कुठेही आमच्या गावाचं नाव नाही, मालकांचं नाही, ज्यांच्यावर आळ आला त्या मामांचंही नाही. आणि शेवटी माझं नाव लिहायला जागा ठेवली होती, तीही कोरीच आहे.